जेन ऑस्टिनचे चॉटनमधले घर : दुसऱ्या भेटीनंतर

सांगलीला असताना माझी आई दर आठवड्याला वाचनालयातून दोन पुस्तके आणीत असे आणि त्यांतले एक हमखास प्रेमकथेचे असे. पुस्तक संपले की ते मिटून मांडीवर ठेवायचे आणि कोणालाही उद्देशून नव्हे अशा सुरात "या लिहिणाऱ्यांना हे सगळं सुचतं तरी कुठून?" असे म्हणायचे, हा तिचा परिपाठ होता. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात कोणालाच कधी देता आले नाही. ती इंग्लंडला आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला हॅम्पशर परगण्यातील चॉटन या खेड्यात दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन हिचे घर दाखवायला नेले, त्यामागे हा जुना प्रश्न होता. पुढील मजकूर त्या भेटीवर आधारलेला आहे. मात्र मी त्याआधीही एकदा तेथे गेले होते, आणि ती पहिली भेट पुरती वाया गेली होती. त्यामुळे हे घर कसे पाहू नये, हेही सांगायला हवे.

पहिल्या वेळी मी लंडनहून सुटणाऱ्या एका दिवसाच्या बससहलीत नाव नोंदवले होते. दिवसभरात तीन ठिकाणे, आणि त्यांत या घराच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटे. वाटेत मार्गदर्शक बाईंनी एकच गोष्ट रंगवून सांगितली : वीस वर्षांची जेन टॉम लेफ्रॉय नावाच्या आयरिश तरुणाच्या प्रेमात पडली, त्याच्या घरच्यांनी त्याला दूर धाडले, तिचे मन मोडले आणि त्या मोडलेल्या मनातून कादंबऱ्या उमलल्या. बसमधील सगळ्यांनी सुस्कारे सोडले. मीही सोडला असावा. घरात शिरल्यावर साहजिकच प्रत्येक खोलीत मी त्या टॉमच्या खुणा शोधीत राहिले, आणि त्या तेथे कोठेही नसल्यामुळे थोडी हिरमुसून बाहेर पडले.

टॉमची हकिकत खोटी नाही. जानेवारी १७९६ मध्ये जेनने बहीण कॅसांड्राला लिहिलेल्या पत्रांत त्याच्याबरोबर केलेल्या नाचाचा आणि गप्पांचा उल्लेख आहे. पुढे हा टॉम आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला. परंतु ती पत्रे वाचणाऱ्याला त्यांतील थट्टेचा सूर लपत नाही. शिवाय ही सारी घटना घडली ती स्टीव्हन्टनला, वडिलांच्या घरी, चॉटनला येण्याच्या साडेतेरा वर्षे आधी. चॉटनच्या घराची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते ती अधिक मोलाची आहे. ती समजायला मात्र चाळीस मिनिटे पुरत नाहीत.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघी लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून ऑल्टनची गाडी पकडून गेलो. सव्वा तासाच्या आसपास प्रवास होतो. ऑल्टनहून चॉटन पायी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. आईच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही टॅक्सी केली. घर अगदी रस्त्याला लागून आहे. लाल विटांचे, दुमजली, उतरत्या कौलांचे हे घर पाहून आई म्हणाली, "एवढंच?" तिच्या डोळ्यांसमोर दूरदर्शनवरील मालिकांतले वाडे होते. तिचा अपेक्षाभंग रास्त आहे, कारण ही कोणा उमरावाची हवेली नाही. एके काळी येथे खाणावळवजा सराई होती आणि नंतर जहागिरीच्या कारभाऱ्याचे बिऱ्हाड होते. दोन मोठे रस्ते येथे मिळत, त्यामुळे जेनच्या काळी खिडकीसमोरून घोडागाड्या धडधडत जात. दर्शनी दिवाणखान्याची रस्त्याकडील मोठी खिडकी बुजवून बागेच्या बाजूला नवी खिडकी पाडण्यात आली ती या बायकांना थोडा आडोसा मिळावा म्हणून. ती बागेकडची खिडकी आजही आहे, आणि तिच्यासमोर उभे राहिले की घर कोणासाठी बदलले गेले हे कळते.

या बायका चार होत्या : जेन, तिची थोरली बहीण कॅसांड्रा, आई, आणि मार्था लॉइड ही मैत्रीण. त्यांना हे घर मिळाले कसे, हा भाग मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. जेनचा भाऊ एडवर्ड याला वडिलांच्या नात्यातील नाइट या श्रीमंत, निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेतले होते. केंटमधील गॉडमर्शम आणि हॅम्पशरमधील चॉटन या दोन्ही ठिकाणची जमीनजुमल्याची मालकी त्याच्याकडे आली, आणि १८१२ मध्ये त्याने आडनावही बदलून नाइट असे लावले. आईला हे सांगताच तिचा चेहरा खुलला. "म्हणजे दत्तक गेलेल्या भावानं बहिणींना घर दिलं. भाऊबीजच की ही." तिचे हे वाक्य मी तेथील कोणत्याही माहितीफलकापेक्षा अधिक लक्षात ठेवले आहे.

पण ही भाऊबीज जरा उशिरा आली, हेही सांगितले पाहिजे. वडील रेव्हरंड जॉर्ज ऑस्टिन यांनी १८०१ मध्ये स्टीव्हन्टनचे घर सोडून बाथला मुक्काम हलवला. १८०५ च्या जानेवारीत ते वारले आणि मागे राहिलेल्या तिघींचा खर्च भावांनी वर्गणी काढल्यासारखा वाटून घेतला. बाथमध्ये आज एका जागेत तर उद्या दुसऱ्या, मग साउदम्प्टनला नौदलातील भाऊ फ्रँकच्या बिऱ्हाडात, असे आठ वर्षांचे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर होते. या आठ वर्षांत जेनने एक कादंबरी सुरू करून अर्धवट सोडली, एवढेच तिचे नवे लिखाण म्हणता येईल. त्याआधी विशीत तिने तीन कादंबऱ्यांचे खर्डे तयार केले होते. त्यांतल्या एकाविषयी वडिलांनी नोव्हेंबर १७९७ मध्ये कॅडेल या लंडनच्या प्रकाशकाला विचारले होते. त्याने उलट टपाली नकार कळवला. दुसरा खर्डा १८०३ मध्ये क्रॉस्बी या प्रकाशकाने १० पौंडांना विकत घेतला आणि छापलाच नाही. एप्रिल १८०९ मध्ये जेनने टोपणनावाने त्याला पत्र लिहून जाब विचारला. त्या नावाची आद्याक्षरे एकत्र वाचली की इंग्रजीत 'संतापलेली' असा अर्थ निघतो. हा खोडसाळपणा तिने जाणूनबुजून केला असणार. प्रकाशकाचे उत्तर आले की १० पौंड परत करा आणि हस्तलिखित घेऊन जा. तेवढ्यावर ते प्रकरण थांबले. तीन महिन्यांनी, ७ जुलै १८०९ रोजी, ती या घरात राहायला आली.

त्यानंतरच्या आठ वर्षांचा हिशेब मी आईला जिन्यापाशी उभी राहून सांगितला : दोन जुने खर्डे पुन्हा घासूनपुसून छापले गेले, तीन कादंबऱ्या पूर्णपणे नव्याने लिहून झाल्या, तिच्या हयातीत एकूण चार प्रसिद्ध झाल्या आणि दोन मृत्यूनंतर लगोलग आल्या. बाई तीच होती आणि बुद्धीही तीच होती. फरक पडला तो छपराचा. प्रेमकथा कुठून सुचतात याचे उत्तर कोणी मला विचारले तर मी आता टॉम लेफ्रॉयचे नाव घेणार नाही. या घराच्या भाडेपावतीचे घेईन, जी कधी फाडलीच गेली नाही.

या छपराला एक काळी बाजूही आहे. एडवर्डने घर देऊ केले ते १८०८ च्या शरद ऋतूत. त्याच ऑक्टोबरच्या १० तारखेला त्याची बायको एलिझाबेथ अकराव्या बाळंतपणानंतर काही दिवसांत वारली होती, वय पस्तीस. घर देण्यामागे दुःखाने हळवे झालेले मन होते की अकरा पोरक्या मुलांसाठी आत्या जवळ असाव्यात हा व्यवहार होता, हे ठरवणे अवघड आहे. मला मात्र येथे एक दुसरी तारीख आठवते. २ डिसेंबर १८०२ रोजी हॅरिस बिग-विदर या तरुणाने जेनला मागणी घातली. तो मॅनिडाउन या मोठ्या इस्टेटीचा वारस होता, ओळखीच्या घरातला होता, तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान होता. जेनने होकार दिला आणि रात्र सरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. तो होकार टिकला असता तर तिला घर मिळाले असते, कदाचित एलिझाबेथसारखी अकरा बाळंतपणेही मिळाली असती. सुखान्त लग्नांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईला लग्नाचे दोन्ही हिशेब चांगले ठाऊक होते. तिच्या नायिका मागण्या नाकारताना जो विचार करतात तो हवेतून आलेला नाही.

आता प्रत्यक्ष खोल्यांविषयी. जेवणाच्या खोलीत खिडकीशी एक लहान टेबल ठेवले आहे. बारा बाजूंचे, अक्रोडाच्या लाकडाचे, एका खांबावर तोललेले. त्याला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्या पृष्ठभागावर एक कागद, एक दौत आणि एक कोपर एवढेच मावेल. आमच्याकडे सत्यनारायणाचा चौरंग याहून मोठा असतो. तिची कागद ठेवायची उतरती लाकडी पेटी या घरात नाही, ती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, याची नोंद घेऊन यावे म्हणजे निराशा होत नाही. आई त्या टेबलासमोर बराच वेळ उभी राहिली. ती स्वतः आयुष्यभर जमाखर्चाची वही स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर ठेवून लिहीत आली आहे, तेव्हा जागेच्या या बाबतीत तिचे मत जाणकाराचे धरायला हरकत नाही. ती म्हणाली, "वही मोठी घेताच आली नसेल." जेनच्या भाच्याने लिहिलेल्या आठवणींत नेमके हेच आहे : ती लहान कागदांवर लिहीत असे आणि कोणी आले तर ते चटकन झाकता येत.

त्याच आठवणींत एका कुरकुरणाऱ्या दाराची गोष्ट आहे. ते दार दुरुस्त करू नका असे जेनने सांगितले होते, कारण त्याच्या आवाजाने कोणीतरी येत असल्याची सूचना मिळे. या गोष्टीवर पर्यटकांचे फार प्रेम आहे. भाच्याने ती लिहिली तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता आणि आत्याला जाऊन पन्नास वर्षे उलटली होती, एवढे मी येथे नोंदवते. शिवाय हे लपवणे होते ते पाहुण्यांपासून आणि नोकरांपासून. घरच्यांपासून मुळीच नव्हते. या घरात घडलेला दुसरा एक प्रसंग मला त्या दाराहून जास्त बोलका वाटतो. जानेवारी १८१३ च्या अखेरीस 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची छापील प्रत लंडनहून येथे पोहोचली. त्याच संध्याकाळी गावातील मिस बेन नावाच्या गरीब शेजारीण बाई जेवायला आल्या होत्या. जेन आणि तिच्या आईने पहिल्या खंडाचा निम्मा भाग त्यांना वाचून दाखवला आणि तो कोणी लिहिला आहे याचा पत्ता लागू दिला नाही. आपली आई फार भरभर वाचते, प्रत्येक पात्राचा सूर निराळा काढीत नाही, अशी तक्रारही जेनने पुढच्या पत्रात केली आहे. स्वतःचे पुस्तक परक्या माणसाच्या चेहऱ्यावर कसे उमटते हे टेबलाच्या या बाजूने निमूट बघत बसलेली ती बाई मला त्या खोलीत स्पष्ट दिसली. ज्यांना घरातल्या घरात कथा वाचून दाखवायची सवय आहे त्यांना हा क्षण ओळखीचा वाटेल.

लिहायला वेळ कोणी दिला, हा प्रश्न मात्र स्वयंपाकघराकडे गेल्यावर सुटतो. घरकामाची वाटणी अशी होती की जेनकडे सकाळी नऊचा नाश्ता आणि चहा-साखरेच्या किल्ल्या. बाकीचा गाडा कॅसांड्रा आणि मार्था ओढीत. नाश्त्याआधी जेन पियानो वाजवीत असे. येथे येण्यापूर्वीच, डिसेंबर १८०८ मध्ये, तिने ३० गिनींत मिळेल तेवढा चांगला पियानो घ्यायचा बेत पत्रात लिहून ठेवला होता. दिवाणखान्यात ठेवलेला क्लेमेंटी कंपनीचा चौकोनी पियानो तिचा स्वतःचा नसून त्याच काळातला आहे. पियानोचे ठीक आहे, पण या संपूर्ण घरात मला सगळ्यांत जास्त आदर वाटला तो मार्थाच्या पाककृतींच्या वहीबद्दल. या वहीत शाई करण्याची कृती आहे. मी आईला एकेक घटक भाषांतर करून सांगत होते : मायफळ, हिराकस, डिंक, शिळी कडक बिअर, थोडी साखर, हे मिश्रण चुलीच्या कोपऱ्यात चौदा दिवस ठेवायचे आणि दिवसातून दोन-तीनदा हलवायचे. "मायफळ?" आई एकदम वळली. "अगं, तुझ्या बाळघुटीत उगाळलंय मी ते." तिला बिअरचे नवल वाटले नाही, मायफळाचे वाटले. सुचण्याच्या गोष्टी आपण फार करतो. ज्या शाईने सुचलेले कागदावर उतरले ती चुलीशी चौदा दिवस कोणीतरी हलवीत बसत होते, ही गोष्ट या घरात येऊन कळते. त्याच वहीत भारतीय पद्धतीच्या करीची आणि करीच्या मसाल्याचीही कृती आहे.

भारताचा धागा या घराण्यात बराच पक्का आहे. जेनची आत्या फिलाडेल्फिया पोरकी होती. तिला १७५२ मध्ये जहाजात बसवून मद्रासकडे रवाना करण्यात आले, कारण कंपनीच्या नोकरीतल्या एकट्या इंग्रजांना बायका हव्या होत्या आणि हुंडा नसलेल्या मुलीला विलायतेत कोणी विचारीत नव्हते. कडलूरला टायसो हँकॉक या सर्जनशी तिचे लग्न झाले. १७६१ मध्ये कलकत्त्यात तिला मुलगी झाली, एलायझा, आणि वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता झाला. हीच एलायझा पुढे जेनच्या हेन्री या भावाची बायको झाली, आणि पहिले पुस्तक छापताना जेन लंडनला त्यांच्याकडेच उतरली होती. हुंडा नसलेल्या मुलीचे काय होते, हा विषय तिला पुस्तकांतून शोधावा लागला नव्हता. आईने यावर काही टिप्पणी केली नाही, फक्त तिच्या एका आत्याचे नाव घेतले, जी मला माहीत नव्हती.

वरच्या मजल्यावर जाणारा जिना अरुंद आहे. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी पोहोचावे, म्हणजे कठड्याला धरून सावकाश चढता येते. जेन आणि कॅसांड्रा या दोघींची मिळून एकच निजायची खोली होती. दोघी अविवाहित; कॅसांड्राचा वाग्दत्त वर टॉम फाउल १७९७ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने गेला होता. आज तेथे त्या काळच्या धर्तीवर केलेला पडद्यांचा पलंग आहे, आणि भिंतींना लावलेला कागद सापडलेल्या जुन्या तुकड्यांवरून पुन्हा तयार केलेला आहे. एरवी अशा नव्याने केलेल्या वस्तू मला खटकतात, पण येथे त्या कोठेही मूळ असल्याचा आव आणीत नाहीत. दोघी बहिणींनी आईबरोबर शिवलेली ठिगळांची चादर मात्र अस्सल आहे. शंकरपाळ्यांसारखे तुकडे, मध्ये फुलांच्या परडीचा एक मोठा तुकडा, सभोवार बारीक तुकड्यांची किनार. मे १८११ मधल्या पत्रात जेनने बहिणीला विचारले आहे की, ठिगळांसाठी तुकडे गोळा करायचे लक्षात आहे ना? "गोधडीच ही," आई म्हणाली, आणि मग जाणकार नजरेने, "टाके मात्र एकसारखे. हिला घाई नव्हती." त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तिचे पहिले पुस्तक बाहेर पडायचे होते, हे लक्षात घेतले तर टाक्यांचा तो संथपणा आणखी विलक्षण वाटतो.

प्रेरणा म्हणून बोट दाखवता येईल अशी एकच वस्तू या घरात आहे, आणि तीही प्रियकराने दिलेली नाही. नौदलातील धाकटा भाऊ चार्ल्स याने शत्रूचे जहाज पकडल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसाच्या पैशातून १८०१ मध्ये दोघी बहिणींना पुष्कराजाचे क्रूस घेतले होते. दोन्ही क्रूस एकमेकांशेजारी मांडले आहेत आणि दोन्हींची घडण थोडी वेगळी आहे. 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये नौदलातला भाऊ बहिणीला क्रूस आणतो आणि तो गळ्यात घालायला साखळी कोणाची घ्यावी यावरून तिच्या मनाची घालमेल होते. अनेक पाने त्या साखळीवर खर्ची पडली आहेत. खऱ्या आयुष्यात चार्ल्सने साखळ्याही घेतल्या होत्या. त्या काढून टाकून तिने कथानक उभे केले. हा एक बदल जरी डोळ्यांसमोर ठेवला, तरी लेखिका घरातली गोष्ट कशी उचलते आणि नेमकी कोठे कापते हे कळते. जेनच्या फिरोज्याच्या एका अंगठीची कथाही येथे सांगतात : २०१२ च्या लिलावात ती केली क्लार्कसन या अमेरिकन गायिकेने १,५२,४५० पौंडांना घेतली, सरकारने ती देशाबाहेर नेण्यास तात्पुरती मनाई केली आणि संग्रहालयाने देणग्या जमवून ती तिच्याकडून विकत घेतली. गर्दी त्या अंगठीपुढे होते. मी त्या गर्दीत शिरले नाही.

पैशाचा विषय ज्यांना प्रेमकथेशी विसंगत वाटतो त्यांनी या घरात थोडे थांबावे. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' एगर्टन या प्रकाशकाने काढली ती लेखिकेच्या जबाबदारीवर, म्हणजे तोटा आला तर तिने भरायचा. शीर्षकपानावर नाव नव्हते, केवळ 'एका बाईने लिहिलेली' एवढेच होते. सगळ्या प्रती खपल्या आणि तिला १४० पौंड मिळाले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'साठी तिने १५० मागितले, ११० वर सौदा ठरला आणि हक्क कायमचे गेले. ते पुस्तक सर्वांत जास्त खपले आणि नफा प्रकाशकाच्या खिशात गेला. तीन खंडांची किंमत १८ शिलिंग होती. ही रक्कम सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे वाचक पैसे भरून वाचनालयातून एकेक खंड नेत. आईला हे ऐकून बरे वाटले. पुढे 'एमा'साठी जॉन मरे या बड्या प्रकाशकाने आधीच्या दोन पुस्तकांच्या हक्कांसकट ४५० पौंड देऊ केले, तेव्हा तो लबाड आहे, पण शिष्टाचाराचा लबाड आहे, अशा आशयाचे तिने लिहिले आणि सौदा नाकारला. तो नकार तिला महागात पडला, हे खरे; पण तोवर तिला आपले मोल कळले होते.

'प्रणयकादंबरीकार' ही पदवी आज तिच्या नावामागे सरसकट लावली जाते. तिने ती स्वीकारली असती का, याची मला शंका आहे. १८१६ मध्ये राजपुत्राच्या ग्रंथपालाने तिला एका जर्मन राजघराण्यावर ऐतिहासिक रोमान्स लिहायची सूचना केली होती. तिने नम्रपणे कळवले की, जीव वाचवण्यासाठी लिहावा लागला तरच मी गंभीर रोमान्स लिहायला बसेन, आणि तेव्हाही हसू आवरून बसावे लागले तर पहिले प्रकरण संपण्याआधी मला फाशी जावे लागेल. त्या काळी त्या शब्दाचा अर्थ थोडा निराळा होता, हे मान्य. तरी आपल्या भाचीला तिने दिलेला सल्ला, खेड्यातील तीन-चार कुटुंबे हाच लिहिण्याजोगा ऐवज, या घराच्या खिडकीतून बाहेर पाहिले की पटतो. समोर चहाचे दुकान आहे. त्याला कॅसांड्राच्या कपाचे नाव दिले आहे. पलीकडे एक पब आहे, थोडी झाडे आहेत. एवढ्यावर सहा कादंबऱ्या.

संग्रहालय म्हणून या जागेचा जमाखर्च मांडायचा तर जमेची बाजू मोठी आहे. टी. एडवर्ड कार्पेंटर या लंडनच्या वकिलांनी दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ हे घर विकत घेतले आणि १९४९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तो घरगुतीपणा अजून टिकून आहे. खोल्यांतील सेवक बोलके आहेत, विचारले तर सांगतात आणि न विचारता मागे लागत नाहीत. एकदा काढलेले तिकीट वर्षभर पुन्हा वापरता येते, ही सोय मला फार शहाणपणाची वाटते, कारण हे घर एका खेपेत उलगडत नाही. उघडे असण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा संकेतस्थळ पाहूनच निघावे आणि आगाऊ वेळ राखून ठेवावी. अडीच तास हाताशी हवेत. मुलांना पिसाच्या लेखणीने लिहून पाहता येते. आईनेही लिहून पाहिले आणि शाईचा डाग बोटावर घेऊन दिवसभर मिरवला. बाहेरच्या भट्टीच्या खोलीत गाढवाची छोटी गाडी ठेवली आहे. शेवटच्या आजारात चालवेना तेव्हा जेन त्या गाडीतून फिरत असे. २४ मे १८१७ रोजी तिला उपचारांसाठी विंचेस्टरला नेले आणि १८ जुलैला, एकेचाळिसाव्या वर्षी, ती तेथेच गेली. तिची कबर विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आहे आणि तिच्यावरील मूळ शिलालेखात कादंबऱ्यांचा उल्लेखच नाही.

विक्रीच्या दालनाविषयी माझे मत थोडे कडवट आहे, पण तो दोष एकट्या या जागेचा नाही; जगभर तिच्या नावाने खपणाऱ्या वस्तूंत देखण्या नायकाची छबी असलेला चहाचा पेला आधी हाती लागतो आणि तिची पत्रे मागाहून. पत्रांचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगते की, तिची सुमारे १६० पत्रेच आज शिल्लक आहेत. उरलेली बरीचशी कॅसांड्राने स्वतः जाळली. चरित्रकार त्याबद्दल तिच्यावर अजून रागावलेले आहेत. मला राग येत नाही. जिने आठ वर्षे नाश्त्यानंतरचे सगळे घर अंगावर घेतले, तिला बहिणीचे काय जगासमोर ठेवावे आणि काय ठेवू नये हे ठरवण्याचा अधिकार होता.

घरापासून दहा-बारा मिनिटे चालत गेले की एडवर्डचा वाडा आणि त्याच्या आवारात सेंट निकोलस हे चर्च लागते. चर्चच्या मागच्या अंगणात दोन दगड शेजारी शेजारी उभे आहेत. एक आईचा, एक बहिणीचा; दोघींचेही नाव कॅसांड्रा. तेथे कोणीही नव्हते, बसच्या सहली येथवर येत नाहीत. आईने पर्समधून चष्मा काढून दोन्ही दगडांवरची सालं वाचली, १८२७ आणि १८४५, आणि बोटांवर वजाबाकी केली. "अठ्ठावीस वर्षं राहिली ही मागे," ती म्हणाली. "त्याच घरात?" मी हो म्हटले. मग ती तेथल्या बाकावर बसली आणि तिने डब्यातल्या दशम्या सोडल्या.